भंगार की भांडार

गेल्या मार्चमध्ये आमच्या लेकीने मला एक तक्ता पाठवला. आम्ही दोघं आता हे मोठं घर सोडून एकमजली लहान घरात जायचं म्हणतोय. जिने नकोत, बर्फ उपसणं नको. सौ.ची भांडी, साड्या आणि पुस्तकं यांचा निकाल दोन शनिवारांत लागला. उरलं माझं तळघर. लेक व्यवसायाने हिशेबतपासनीस आहे. तिने तक्त्यात चार रकाने केले होते : वस्तू, कधी घेतली, कितीला घेतली, आज किती येतील. खाली मराठीत, रोमन लिपीत, लिहिलं होतं, ‘बाबा, शेवटचा रकाना भरल्याशिवाय मला फोन करू नकोस.’

पहिले तीन रकाने एका संध्याकाळी भरून झाले. माझ्याकडे प्रत्येक वस्तूची चिठ्ठी आहे. चौथ्याला सहा महिने लागले. (फोन अर्थातच रोज चालू होते.) हा लेख त्या चौथ्या रकान्याबद्दल आहे.

संपादकांनी विचारलं होतं, तरुण मंडळींसाठी हा लेख इंग्रजी विभागात द्याल का? मी नको म्हटलं. इंग्रजीत मी सदतीस वर्षं व्याख्यानं दिली आणि त्यांत एकदाही कुणी हसलं नाही. मुलांनो, अडलं तर आजीला विचारा. तांत्रिक शब्द अडला तर आजीला सांगा.

तर तळघरात काय आहे? मायक्रोप्रोसेसरच्या चुका शोधण्याची जुनी यंत्रं. सदतीस नग. जुने काँप्युटर जमवणारे लोक पुष्कळ आहेत, त्यांच्या जत्रा भरतात, त्यांच्यावर माहितीपट निघतात. मी जमवतो ते त्या काँप्युटरचे डॉक्टर. रोगी प्रसिद्ध होतो, डॉक्टरचं नाव कुणाला आठवत नाही, असं माझं एक जुनं रडगाणं आहे. ते इथे पुरवत नाही.

पण हे डॉक्टर लागले का, ते सांगायला हवं. १९७१ साली इंटेलने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, १९७४ साली ८०८०. त्याआधी सर्किट बिघडलं तर ऑसिलोस्कोप लावायचा, एकेका तारेवरचा सिग्नल बघायचा आणि दोष हुडकायचा. एक तार, एक काम. ८०८०मध्ये तसं राहिलं नाही. पत्त्याच्या १६ तारा, डेटाच्या ८, आणि त्या सगळ्यांवर एका क्षणी मिळून जे असतं त्यालाच काही अर्थ. दोन तारा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपने ते बघणं म्हणजे भिंतीच्या भोकातून तमाशा बघण्यासारखं होतं. ढोलकीवाल्याचा एक हात दिसायचा. शिवाय चूक आता तारेत नसून प्रोग्रॅममध्ये असायची, आणि प्रोग्रॅम चिपच्या पोटात.

यावर पहिला उपाय निघाला लॉजिक अ‍ॅनलायझर. अनेक तारा एकदम बघायच्या आणि त्यांवरचे शून्य-एक साठवून ठेवायचे. दुसरा उपाय इंटेलने १९७५ साली आणला, त्याचं नाव आयसीई-८०, इन-सर्किट एम्युलेटर. याला मी वर्गात मनातल्या मनात परकायाप्रवेश म्हणायचो. गोष्टीतले योगी स्वतःचं शरीर गुहेत ठेवून मेलेल्या राजाच्या देहात शिरायचे आणि प्रजेला वाटायचं राजा उठून बसला. इथेही तेच. तुमच्या बोर्डावरचा प्रोसेसर सॉकेटमधून उपसायचा. त्याच्या जागी चाळीस पायांचा प्लग खोचायचा. प्लगमागे केबल, आणि केबलच्या टोकाला इंटेलचा तो निळा, अजस्र डबा, इंटेलेक. बोर्डाला वाटतं आपला प्रोसेसर जागेवर आहे. पण आत भलताच कुणी बसलेला असतो, आणि तो सांगाल तिथे थांबतो, एकेक पाऊल टाकतो, आणि विचारलं तर सांगतो की आत्ता कुठल्या रजिस्टरमध्ये काय आहे.

मोटोरोलाने त्यांच्या ६८०० या प्रोसेसरसाठी असंच यंत्र काढलं, त्याचं नाव एक्झॉर्सायझर. भूत उतरवणारा मांत्रिक! त्या सुमारास त्या विषयावरचा सिनेमा गाजत होता. त्याच्या आतल्या तपासणीच्या प्रोग्रॅमचं नाव एक्सबग. हे वाचून मला कोकणातले देवऋषी आठवले होते. माझ्याकडे एक्झॉर्सायझर नाही. जागा नाही, असं सौ. म्हणते, मिळाला नाही, असं मी म्हणतो.

माझं स्वतःचं याच्याशी नातं जडलं ते १९८० साली. मी नुकता शिकवायला लागलो होतो. आमच्याच विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी नमुने ठेवण्याच्या कपाटाचं तापमान सांभाळणारा नियंत्रक केला होता, ८०८० वापरून. तो उत्तम चालायचा. आणि दोन-तीन दिवसांनी, बहुधा रात्री, मरायचा. तीन आठवडे मी ती चूक शोधत होतो. पद्धत अशी : प्रोग्रॅममध्ये काहीतरी बदलायचं, नवी २७०८ ईप्रॉम जाळायची, बोर्डावर लावायची, वाट बघायची. मेलं की ईप्रॉम काढायची, अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवून पुसायची, पुन्हा जाळायची. आमची लेक तेव्हा चार महिन्यांची. घरी तिचं रात्रीचं रडणं आणि प्रयोगशाळेत याचं रात्रीचं मरणं. कपाटात जे नमुने होते ते दुसऱ्या कुणाच्या दोन वर्षांच्या कामाचे होते, आणि ती बाई रोज सकाळी मला दारात भेटून काही न बोलता फक्त बघायची.

शेवटी दुसऱ्या विभागाकडून एका दुपारपुरता आयसीई-८० मागून आणला. त्या सगळ्या संचाची किंमत माझ्या वर्षाच्या पगाराच्या जवळपास होती, त्यामुळे त्याच्याबरोबर एक तंत्रज्ञही पहारेकऱ्यासारखा आला. मी यंत्राला सांगितलं, तापमानाच्या तक्त्याच्या शेवटच्या पत्त्यावर जो कुणी लिहायला येईल त्याला पकड. मग तापमानाच्या सेन्सरची तार मुद्दाम काढत-घालत बसलो. दीड तासाने यंत्र थांबलं. पकडलेला चोर होता स्टॅक. सेन्सरचं वाचन चुकलं की माझा प्रोग्रॅम सबरूटीनमधून उडी मारून बाहेर पडत होता, परतीचा पत्ता स्टॅकवर तसाच टाकून. दर चुकीला दोन बाइट. थेंबे थेंबे स्टॅक साचत तक्त्यात शिरत होता. चूक शंभर टक्के माझी होती आणि ती दुरुस्त करायला एक ओळ लागली. तंत्रज्ञ म्हणाला, ‘झालं?’ आणि केबल गुंडाळायला लागला. त्या केबलकडे मी ज्या नजरेने बघितलं, तशी नजर सौ.ने त्यापूर्वी फक्त पुरणपोळीच्या ताटाकडे गेलेली पाहिली असेल.

जमवायला सुरुवात मात्र बऱ्याच नंतर झाली. १९९०च्या दशकात ही यंत्रं पटापट निकामी ठरली. प्रोसेसर इतके जलद झाले की लांब केबलच्या टोकाला बसून त्यांचं सोंग आणणं अवघड झालं. सॉकेट गेले, चिपा थेट बोर्डावर डकवायला लागल्या, मग उपसणार काय? शिवाय १९९० साली जेटॅग नावाने ओळखलं जाणारं आयईईईचं मानक आलं आणि तपासणीची सोय चिपच्या आतच होऊ लागली. आज बारा-पंधरा डॉलरांत मिळणारी, काडेपेटीएवढी वस्तू हे काम करते. तेव्हा कंपन्या आणि विद्यापीठं हे निळे-करडे डबे अक्षरशः मागच्या दारी ठेवत होती.

मागच्या दारी ठेवलेलं उचलायची सवय मला पुण्यातली. इंजिनिअरिंग कॉलेजात असताना दर बुधवारी नाहीतर रविवारी मी जुन्या बाजारात असायचो. लष्करी रेडिओंचे व्हॉल्व्ह, मीटर, कशाकशाचे कंडेन्सर जमिनीवर पोत्यावर मांडलेले असायचे. तिथे मी एक गोष्ट शिकलो : जी वस्तू हवी आहे तिच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. ही विद्या मी ओहायोत आणली आणि डेटनच्या हॅमव्हेन्शनमध्ये वापरली. हौशी रेडिओवाल्यांचा हा मेळावा दर मे महिन्यात भरतो. २०१६पर्यंत हारा अरीनामध्ये असायचा, आता झीनियाला जत्रेच्या मैदानावर असतो. रेडिओ हे निमित्त, खरी मजा बाहेरच्या जुन्या बाजारात. पहाटे बॅटरी घेऊन जायचं, चिखलाचे बूट घालून. झीनियाच्या पहिल्या वर्षीचा चिखल ज्यांनी तुडवला ते त्याबद्दल अजून बोलतात.

हारा अरीनाच्या त्या फुटक्या डांबरावर मला वीस डॉलरांना एचपीचा ५००४ए मिळाला. १९७७चं हे यंत्र म्हणजे माझ्या संग्रहातलं सगळ्यात हुशार. सर्किटच्या एका बिंदूवर सळई टेकवायची. तिथून वाहणाऱ्या हजारो शून्य-एकांचं ते चार अक्षरी सही करून देतं. दुरुस्तीच्या पुस्तकात प्रत्येक बिंदूची बरोबर सही छापलेली असते. जुळली तर पुढे चला, नाही जुळली तर चोर मागेच आहे. बँकेतल्या कारकुनाने सही ताडून पाहावी तसं. आत काय आहे? सोळा बिटांचं एक शिफ्ट रजिस्टर, बस. चुकीची माहिती येऊनही सही जुळण्याची शक्यता ६५,५३६त एक. आणि सहीची अक्षरं शून्य ते नऊ, मग ए, सी, एफ, एच, पी, यू. बी आणि डी नाहीत, कारण आकडे दाखवणाऱ्या त्या सात रेघांच्या दिव्यांत बी आठासारखा दिसतो आणि डी शून्यासारखा. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने रात्री दोन वाजता डोळे चोळत दुरुस्ती केलेली असणार.

आता किंमत कशी ठरते ते सांगतो, कारण यात माझा निदान अभ्यास आहे. नवखा माणूस डबा बघतो. डब्याला फारशी किंमत नसते. किंमत केबलला. पोळपाट घरोघरी पडलेले, लाटणं हरवलेलं, असा हा प्रकार आहे. डबा जड असतो म्हणून जागेवर राहतो. पॉड, केबल, चाळीस पायांचा प्लग या गोष्टी खणात जातात, खण दुसऱ्या खोलीत जातो, आणि दहा वर्षांनी कुणीतरी तो रिकामा करतं. प्लगचे पाय नाजूक, एक मोडला की संपलं. त्यानंतर पुस्तकं आणि प्रोग्रॅम. इंटेलेकला आठ इंची फ्लॉपी लागते, एकीत २,५६,२५६ बाइट मावतात. तुमच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही, पण ती नसेल तर तो निळा डबा म्हणजे फक्त पंखा. एचपीच्या या धंद्याचं नाव १९९९मध्ये अ‍ॅजिलेंट झालं, २०१४मध्ये कीसाइट. अशा प्रत्येक बारशात काही कागद गहाळ होतातच. बिटसेव्हर्ससारख्या ठिकाणी लोकांनी स्वतःच्या वेळात हजारो पुस्तकांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

मग सडणं. न वापरता ठेवलेली वस्तू जशीच्या तशी राहते, हा मोठा भ्रम आहे. चिपांचे पाय खोचायला जो काळा फोम द्यायचे तो कालांतराने चिकट होऊन तेच पाय खातो. टेपच्या यंत्रातलं रबर डांबर होतं. ईप्रॉमच्या काचेवरचं लेबल सुटलं की प्रकाश आत जातो आणि प्रोग्रॅम हळूहळू पुसला जातो. वीज जिथून आत येते तिथे बहुधा रीफाचा कागदी कंडेन्सर असतो. त्याच्या पारदर्शक अंगाला बारीक भेगा दिसल्या तर बटण दाबू नका. मी एकदा दाबलं. त्या धुराचा वास चार दिवस घरात होता आणि नेमका श्रावणी सोमवार होता. जो विकणारा ‘घरून निघताना चालू होतं’ म्हणतो, त्याच्यापुढून मी पुढच्या टेबलाकडे वळतो.

आणि सगळ्यात शेवटी, घेणारा कोण? फ्लूक कंपनीचा ९०१०ए हे ऐंशीच्या दशकातलं दुरुस्तीचं यंत्र. यालाही प्रोसेसरच्या जागी लावायचा पॉड असतो, प्रत्येक प्रोसेसरला वेगळा. कारखान्यांतून ते कधीच गेलं. पण जुन्या आर्केडमधले व्हिडिओ गेम दुरुस्त करणाऱ्यांना ते अजून लागतं. पॅक-मॅनमध्ये झेड-८० आहे, अ‍ॅस्टरॉइड्समध्ये ६५०२. त्यामुळे या दोघांच्या पॉडना मागणी आणि बाकीचे पडून. माझ्या मते यात गैर काही नाही, निदान यंत्र कामात आहे. मला राग येतो तो दोन जमातींचा. एक, सोनं वितळवणारे : जुन्या सिरॅमिक चिपांना सोन्याचा मुलामा असतो, ते किलोच्या भावाने घेतात आणि आम्लात टाकतात. दुसरे, नुसत्या चिपा जमवणारे. सुरुवातीच्या पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या चिपा आता दागिन्यांसारख्या विकल्या जातात, अखंड यंत्रापेक्षा महाग. म्हणून अखंड यंत्रातून चिप काढून उरलेलं फेकून देतात. देवळातल्या मूर्तीचे डोळे काढावेत तसं.

इतकं ठणकावून बोलल्यावर आता माझी गोष्ट सांगणं भाग आहे.

२०१७च्या ऑक्टोबरात आपल्या मंडळातल्याच एका वहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान, माझे मित्र, वसंत ऋतूत गेले होते. घर विकलं होतं आणि त्या न्यू जर्सीला मुलाकडे निघाल्या होत्या. ‘भावजी, गुरुवारी कचऱ्याचा ट्रक येतोय. ह्यांचं गॅरेज एकदा बघून जाता का? मला त्यातलं काही कळत नाही.’

मी गेलो. मित्र वजनकाट्यांच्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि रात्री घरी बसून बाहेरची कामं करायचा, एवढं मला माहीत होतं. ताडपत्री उचलली तर खाली निळा इंटेलेक, आणि बाजूच्या खोक्यात आयसीई-८०ची कार्डं, केबल, पॉड, प्लग, चाळीसच्या चाळीस पाय शाबूत. माझ्याकडे आयसीई-८०ची कार्डं होती. केबल मी अकरा वर्षं शोधत होतो. कंपनीने १९८४ साली भंगारात काढला तेव्हा त्याने तो आणला होता. इतकी वर्षं दर गणपतीत आम्ही शेजारी बसून जेवलो, पण हे कधी बोलण्यात आलं नाही. मी माझ्या विद्यापीठाबद्दल बोलत राहिलो असणार.

वहिनी दारात उभ्या होत्या. मी काय केलं? जुन्या बाजारातलं शिक्षण. त्या केबलकडे बघितलंच नाही. एक तुटका व्होल्टमीटर उचलून न्याहाळला आणि म्हणालो, ‘विशेष काही नाही, वहिनी. जुनंच आहे सगळं. पण मला थोडा उपयोग होईल.’ या बोलण्यातला प्रत्येक शब्द खरा होता, ‘विशेष काही नाही’ एवढं सोडून.

‘मग घेऊन जा ना,’ त्या म्हणाल्या. ‘पैसे कसले? ह्यांना बरं वाटेल.’ चहा केला. जाताना शंकरपाळ्यांची पिशवी दिली.

घरी आल्यावर खोकी उघडली. एकात डॅनिश बिस्किटांचा तो निळा गोल डबा होता, आपल्या प्रत्येक घरात असतो तो. त्यात तीन चिपा, आणि त्यांतली एक पांढऱ्या सिरॅमिकची सी४००४. तिच्याकडे बघताक्षणी मला भाव कळला. डब्याखाली एक जाड वही होती.

सौ.ने त्या रात्री विचारलं, ‘वहिनींना सांगितलंत का?’ मी म्हटलं, आधी चालतंय का बघतो, मग सांगतो. चालत होतं. मग म्हटलं, त्या नवीन घरात लागू देत. मग नाताळ आला. माणूस स्वतःशी किती वेळ युक्तिवाद करू शकतो याला सीमा नाही, पीएच.डी. असेल तर त्याला तळटीपाही सुचतात. त्यांनीच दिलं, मी मागितलं नाही. ट्रकमध्येच जाणार होतं. मी वाचवलं. सगळं खरं. चार महिने मी तळघरात जायचो आणि ती केबल लावून काहीच करायचो नाही.

मग ती वही उघडली. कामाची नोंदवही होती, इंग्रजीत, नेटकी. पण समासात मराठीत बारीक अक्षरात काहीबाही. ‘रात्रीचे २. ही दोनदा जिन्यापर्यंत येऊन गेली.’ ‘उद्या मुलाचा वाढदिवस, आज संपवायलाच हवं.’ ‘तिसरी रात्र. सापडलं. चूक माझीच.’ मी चार पानं वाचली आणि वही मिटली. ती माझी नव्हती.

फेब्रुवारीत फोन केला आणि सगळं सांगितलं. डब्याचं, चिपांचं, केबलचं, आणि मी व्होल्टमीटर का उचलला होता तेही. वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तो बिस्किटांचा डबा? सुई-दोऱ्याचा म्हणून मी घरभर शोधत होते.’ आणि हसल्या. मीही हसलो. मग म्हणाल्या, ‘तेव्हा सांगितलं असतंत तरी मी दिलंच असतं, भावजी.’ एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

चिपा मी त्यांच्या सांगण्यावरून लिलावात विकल्या. तिन्हींचे मिळून १,७४० डॉलर आले, त्यांचा चेक पाठवला, तो वटला. इंटेलेक आणि आयसीई-८० तुमच्याकडेच ठेवा म्हणाल्या. त्याचाही योग्य भाव काढून मी दुसरा चेक पाठवला. तो कधीच वटला नाही. वही रजिस्टर्ड टपालाने पाठवली. पोचली असं मुलाने कळवलं. त्याबद्दल वहिनींनी कधी विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

आता या वर्षी तो तक्ता. फ्लूक पॉडसकट कोलंबसच्या एका मुलाला दिला, तो आर्केडचे गेम दुरुस्त करतो. मी घेतला त्याच भावात. सहीवाला एचपी माझ्या जुन्या विभागाच्या प्रयोगशाळेत गेला, तिथल्या तरुण प्राध्यापिकेने पुस्तकासकट मागितला हे विशेष. एक लॉजिक प्रोब नातवाने घेतला, कारण टोकाशी दिवा लागतो. बऱ्याच ओळींपुढे मी ५, १०, ० असे आकडे लिहिले. लेक म्हणाली, ‘बाबा, तू याच्यासाठी एवढी वर्षं…’ आणि वाक्य तिथेच सोडलं. बाविसाव्या ओळीपुढचा रकाना रिकामा होता. तिने तो लाल करून परत पाठवला.

सप्टेंबरात वहिनी मंडळाच्या गणपतीला आल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमच्याकडेच उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच म्हणाल्या, ‘ते दाखवता का?’ गुडघे दुखत असताना कठडा धरून एकेक पायरी तळघरात उतरल्या. मी खुर्ची दिली, इंटेलेकचं बटण दाबलं. पंखे सुरू झाले, फ्लॉपीने खडखड केली, पडद्यावर आयसिसची ती छोटी आडवी रेघ आली. आता यापुढे काय होतं ते समजावून सांगावं म्हणून मी केबल हातात घेतली.

त्यांनी हाताने मला थांबवलं. पडद्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटून बसल्या होत्या.

‘हा आवाज,’ त्या म्हणाल्या. ‘वर निजायच्या खोलीपर्यंत यायचा हा. थांबला की मी समजायचे, आता येतील.’

मी केबल खाली ठेवली. यंत्र बंद करू का, असं विचारलं.

‘असू दे थोडा वेळ,’ त्या म्हणाल्या.